मैदानी सोहळ्यातला लेझर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकाशयोजनेच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. क्रीडा स्पर्धांची उद्घाटनं, जत्रा, तलावाकाठचे महोत्सव, मंडळांचे आगमन सोहळे असं सगळं केलं. कन्सोलमागे उभा असलो की कुणीतरी चहाचा कप घेऊन येतं आणि विचारतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

लेझर म्हणजे नेमकं काय? साध्या दिव्यापेक्षा वेगळं काय असतं?

साधा दिवा प्रकाश उधळतो. बल्ब सगळीकडे सांडतो, मग आपण परावर्तक आणि भिंग लावून त्याला एका दिशेला वळवतो. लेझरचा प्रकाश जन्मालाच एका रंगाचा आणि एका दिशेचा असतो. स्टेजवरच्या चांगल्या लेझरचा किरण बाहेर पडतो तेव्हा जेमतेम पेन्सिलीएवढा जाड असतो. तोही पसरतो, पण अगदी कमी : ढोबळ हिशोब सांगायचा तर किलोमीटरभर गेल्यावर साधारण मीटरभर. म्हणून तो दिव्यासारखा न दिसता हवेत ताणलेल्या दोरीसारखा दिसतो.

त्या शार्पी फिरतात, ते लेझरच ना?

नाही. हा गोंधळ इतका आहे की परवानगीच्या अर्जातही 'लेझर शार्पी' असं लिहिलेलं मी वाचलंय. शार्पी म्हणजे फिरत्या डोक्याचा दिवा. आत दोन-अडीचशे वॅटचा डिस्चार्ज बल्ब असतो आणि पुढच्या भिंगांमुळे झोत अरुंद होतो. ओळखायची सोपी खूण : शार्पीचा झोत मनगटाएवढा जाड असतो आणि लांब गेल्यावर चक्क रुंदावतो. लेझरची रेघ सुतासारखी राहते. दुसरी खूण, शार्पीचं डोकं वळताना दिसतं. लेझरचा डबा जागचा हलत नाही, किरण मात्र सगळ्या मैदानावर नाचतो.

माझ्या हातातल्या पॉइंटरचा फक्त ठिपका दिसतो. मग मैदानावर अख्खा किरण कसा दिसतो?

धंद्याचं खरं मर्म इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रकाश बाजूने दिसत नाही. तो डोळ्यात आला तरच दिसतो. स्वच्छ, कोरड्या हवेत लेझर तुमच्या नाकासमोरून गेला तरी काही कळणार नाही. वाटेत धूळ, धूर, बाष्प किंवा पावसाचा थेंब असला की त्यावर आपटून थोडासा प्रकाश बाजूला उडतो, आणि तो उडालेला प्रकाश म्हणजे आपल्याला दिसणारा किरण. सकाळी कौलातल्या झरोक्यातून घरात उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात कण तरंगताना दिसतात, तसंच हे.

म्हणून लेझरवाल्याचं निम्मं काम लेझरशी नसतंच, ते हवेशी असतं. आम्ही दोन प्रकारची यंत्रं लावतो. स्मोक मशीन पांढरा, जाड लोट सोडतं. हेझर अगदी बारीक, पातळ धुकं सोडतं, ते डोळ्याला जवळजवळ दिसत नाही पण किरणाला पकडतं. नवशिका माणूस लोट सोडत सुटतो आणि मग किरण त्या ढगातच अडकून बसतो, पलीकडे पोचत नाही. जुना माणूस हेझर दोन तास आधी सुरू करतो आणि हात मागे बांधून उभा राहतो.

आता एक गंमत. ही बारीक कणांवरची उधळण सगळीकडे सारखी होत नाही. प्रकाश ज्या दिशेने चाललाय त्या दिशेलाच पुढे जास्त सांडतो. म्हणजे किरण तुमच्याकडे येत असेल तर तो लखलखीत दिसतो आणि तुमच्यापासून दूर जात असेल तर फिका. तोच किरण, तेवढीच ताकद. स्टेजसमोर बसलेल्याला आकाश पेटल्यासारखं वाटतं आणि स्टेजमागे खुर्च्या लावणारा पोरगा म्हणतो, 'एवढं काय त्यात?' लेझर सर्वांत देखणा दिसतो तो डोळ्याच्या दिशेने येताना, आणि सर्वांत घातक असतो तोही तेव्हाच. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर फिरतात.

वारा सुटला किंवा पाऊस आला तर शो गेला का?

वाऱ्याने जातो, पावसाने नाही. वारा हा आमचा खरा शत्रू. हेझरचं धुकं तो दहा सेकंदांत शेजारच्या गावात नेतो. त्यामुळे यंत्रं एका जागी न ठेवता मैदानाच्या वाऱ्याकडच्या कडेने चार-पाच ठिकाणी ठेवायची आणि वारा फिरला तर उचलून पळायचं. त्यासाठी दोन पोरं राखीव लागतात. काही ठिकाणी शेतात फवारणीला वापरतात तसा मोठा पंखा मागे लावून धुकं ढकलावं लागतं.

पावसाची भुरभुर मात्र वरदान. थेंबातून जाताना किरण तुटक चमकतो, हिऱ्यांची माळ ओढल्यासारखा. २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला सेन नदीवर पाऊस कोसळत होता. नाचणारे, खेळाडू, पाहुणे सगळे भिजले. त्या रात्री आयफेल टॉवरवरून लेझर सुटले तेव्हा त्या ओल्या हवेने किरण कसे झेलले ते आठवा. कोरड्या रात्री तेवढा परिणाम साधायला धुराची केवढी तयारी लागली असती! आपल्याकडे भाद्रपदातली दमट हवा असंच काम करते. दिवाळीत तर फटाक्यांचा धूर आयताच मिळतो, तो फुफ्फुसाला वाईट पण लेझरला उत्तम.

यंत्राला पाऊस चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. त्याहून छुपा त्रास बाष्पाचा. बंद गाडीतून गार डबा दमट रात्री बाहेर काढला की पुढच्या काचेवर दव धरतं आणि किरण फाटतो. डबा तासभर आधी उघड्यावर आणून ठेवायचा.

किरण आकाशात मध्येच संपल्यासारखा का दिसतो? तिथे काही अडवलेलं असतं का?

काही नसतं, तो पुढे चाललेलाच असतो. रेल्वेचे रूळ दूर जाऊन एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात ना? सरळ रेघ कितीही लांब असली तरी डोळ्याला ती एका ठरावीक बिंदूपर्यंतच पोचताना दिसते. शिवाय वर हवा विरळ आणि स्वच्छ होत जाते, उधळायला कण उरत नाहीत. दोन्ही मिळून कुणीतरी कात्रीने कापल्यासारखा भास होतो. हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात आणि मोठी माणसं लाजून विचारत नाहीत.

एकाच किरणातून अक्षरं, मोर, शिवमुद्रा असली चित्रं कशी निघतात?

डब्याच्या आत नखाएवढे दोन आरसे असतात. एक किरणाला डावी-उजवीकडे हलवतो, दुसरा वर-खाली. ज्या मोटरवर ते बसवलेले असतात तिला गॅल्व्हो म्हणतात. ती गोल फिरत नाही, थरथरल्यासारखी मागे-पुढे होते, आणि तेही अफाट वेगाने. चांगला संच सेकंदाला तीस हजार बिंदू गाठतो. म्हणजे चित्र हजार बिंदूंचं असेल तर ते सेकंदात तीसदा पुन्हा पुन्हा काढलं जातं. आपल्या नजरेत ठसा थोडा वेळ टिकतो, म्हणून आपल्याला हलणारा ठिपका न दिसता स्थिर चित्र दिसतं. अंधारात उदबत्ती गोल फिरवली की लाल कडं दिसतं, त्याच जातीची ही जादू.

एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या वाटेत किरण क्षणभर विझवावा लागतो. तो नीट विझला नाही तर अक्षरांना शेपट्या फुटतात. देवनागरीत तर शिरोरेघेचा फायदा मिळतो : एका दमात अख्खी ओळ ओढता येते, मग खाली अक्षरं लटकवायची. पण जोडाक्षरांत बिंदू भसाभस वाढतात. एका आयोजकाला पाहुण्यांचं नाव सगळ्या पदव्यांसकट लेझरने लिहून हवं होतं. ते इतकं लुकलुकलं की शेवटी नुसतं 'स्वागत' ठेवलं.

कान डब्याला लावला तर गॅल्व्होचं गाणंही ऐकू येतं. वर्तुळाला एक सूर, चौकोनाला दुसरा, कारण कोपऱ्यावर आरशाला झटका बसतो. जुने ऑपरेटर आवाजावरून सांगतात की आरसा थकलाय.

चित्राला मात्र टेकायला काहीतरी लागतं : भिंत, कातळ, जाळीचा पडदा किंवा कारंज्याने उडवलेला पाण्याचा पंखा. अमेरिकेत जॉर्जियातल्या स्टोन माउंटन इथे १९८३ पासून डोंगराच्या उघड्या ग्रॅनाइटवर लेझरची चित्रं काढायला लागले. डोंगरच पडदा झाला.

डोक्यावर हिरवं पाणी हलतंय असं वाटतं, ते कसं करतात?

मला विचाराल तर लेझरचा सर्वांत सुंदर उपयोग हा. किरण फक्त आडवा, डावीकडून उजवीकडे, इतक्या वेगाने फिरवायचा की रेघेऐवजी प्रकाशाचा सपाट पत्रा तयार होतो. हा पत्रा लोकांच्या डोक्यावरून, बऱ्याच उंचीवर ताणायचा. हवेत धूर असतोच, पण एरवी त्याचा आकार दिसत नाही. हा पत्रा त्याचा सुरीने कापल्यासारखा एक पातळ काप घेतो आणि त्या कापातले भोवरे, लाटा, वेटोळी एकदम उजळतात. विहिरीच्या तळाशी बसून वर पाण्याचा पृष्ठभाग बघावा तसं वाटतं.

वर्तुळ काढलं तर शंकू होतो, त्याला आम्ही बोगदा म्हणतो. ठरावीक जागी किरण थबकवले तर पंखा. पलीकडच्या खांबावर छोटे आरसे लावून किरण मैदानभर उसळवला तर जाळं. धंद्यात याला चित्र मानत नाहीत, 'बीम' म्हणतात. आणि मोठ्या मैदानावर चित्रापेक्षा बीमच जिंकतो, कारण तो चौथ्या रांगेलाही दिसतो आणि शेवटच्या झाडावर चढलेल्यालाही.

हिरवा रंगच जास्त का वापरतात?

कारण आपला डोळाच हिरव्याचा भक्त आहे. त्याची सर्वाधिक संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, पोपटी-हिरव्या पट्ट्यात असते. हिरवे लेझर ५२० ते ५३२ नॅनोमीटरचे, म्हणजे जवळचे. लाल साधारण ६३८ चा आणि निळा ४५० च्या आसपास. दोन्ही तेवढ्याच वॅटला बरेच मंद भासतात. स्वस्तातला शो हिरवागार दिसतो तो यामुळे. पांढरा किरण हवा असेल तर लाल, हिरवा आणि निळा असे तीन किरण खास आरशांनी एकावर एक अचूक बसवावे लागतात. गाडीत डबा आदळला की ते सरकतात आणि पांढऱ्या रेघेला लाल-निळी किनार येते. रस्ते कसे आहेत हे मला आधी त्या किनारीवरून कळतं.

हे सगळं सुरू कधी झालं?

पहिला चालता लेझर थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून काढला. करमणुकीचा पहिला नावाजलेला खेळ १९ नोव्हेंबर १९७३ ला लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत झाला. पण तो घुमटाखालचा, बंदिस्त.

उघड्यावरच्या भव्यतेचा मापदंड ठरला तो ५ एप्रिल १९८६ चा ह्यूस्टनचा कार्यक्रम. टेक्सास मेक्सिकोपासून स्वतंत्र झाल्याला दीडशे वर्षं झाली, त्याचा सोहळा होता. फ्रेंच संगीतकार ज्याँ-मिशेल जार यांनी शहराच्या गगनचुंबी इमारतींचाच पडदा केला : त्यावर प्रचंड चित्रं, वर आतषबाजी आणि मधून लेझर. तेरा लाखांहून जास्त लोक जमल्याचं सांगतात आणि जवळच्या महामार्गावर गाड्या जागच्या जागी थांबल्या.

त्या काळचे मोठे लेझर आर्गॉन वायूच्या नळीचे. त्यांची कार्यक्षमता इतकी रडकी की दिलेल्या विजेचा हजारावा भागही प्रकाशात उतरत नसे. बाकी सगळी उष्णता. म्हणून त्याला थ्री-फेज वीज आणि थंड करायला सतत वाहतं पाणी लागे. आज डायोडमुळे, म्हणजे विजेतून थेट लेझर काढणाऱ्या चिमुकल्या चिपमुळे, तीस वॅटचा लेझर घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि दोन माणसं तो उचलतात. जे फक्त देशांच्या सोहळ्याला परवडायचं ते वॉर्डातल्या मंडळाला परवडायला लागलं. यंत्र स्वस्त झालं, पण ते चालवायची अक्कल काही त्याच्यासोबत खोक्यात येत नाही.

हाँगकाँगला २००४ पासून बंदराच्या दोन्ही काठांवरच्या इमारती रोज रात्री आठला दिवे आणि लेझरने बोलायला लागल्या. अयोध्येच्या दीपोत्सवात शरयूकाठी आणि गुजरातेत १८२ मीटरच्या स्टॅच्यू ऑफ युनिटीवरही लेझरचे खेळ होतात. तिकडे गेलात तर वेळ काढून बघा.

ड्रोन शो, भिंतीवरची हलती चित्रं, हे पण लेझरच?

नाही. २९ जानेवारी २०२२ ला दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये हजार ड्रोन उडाले. ते एलईडीचे दिवे लावलेले ड्रोन होते. त्याच संध्याकाळी नॉर्थ आणि साउथ ब्लॉकच्या भिंतींवर चित्रं हलली, ती प्रोजेक्टरची. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकला बर्फाचा प्रचंड ठोकळा वर आला, लेझर त्यावर फिरले आणि आतून ऑलिम्पिकची कडी प्रकटली. लोकांना वाटलं लेझरने बर्फ कापला. ठोकळा होता एलईडीचा आणि किरण फक्त कोरल्याचं नाटक करत होते. पण नाटक वेळेवर झालं म्हणून पटलं, आणि सोहळ्यात तेवढंच लागतं.

संगीताच्या ठेक्यावर किरण अचूक कसा पडतो? कुणी बसून बटणं दाबतं का?

मिरवणुकीत हो, आम्ही बोटांनीच वाजवतो. ठरलेल्या सोहळ्यात मात्र गाण्याच्या ट्रॅकसोबत एक वेळेचा संकेत धावतो, त्याला टाइमकोड म्हणतात. लेझर, शार्पी, पडदा, आतषबाजी सगळे त्याच घड्याळाकडे बघतात. तीन मिनिटांच्या तुकड्याला दोन-तीन रात्री संगणकापुढे जातात.

तरी मोठ्या मैदानावर एक गाठ सुटत नाही. प्रकाश क्षणात पोचतो आणि आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून तेवढ्या अंतरावर उभ्या माणसाला किरण आधी दिसतो आणि ढोल सेकंदभराने ऐकू येतो. म्हणून मधे मधे स्पीकरचे मनोरे उभे करतात. पण त्यांचा आवाज स्टेजच्या आवाजाशी जुळवायचा तर त्यांनाही मुद्दाम उशीर द्यावाच लागतो. शेवटी कुणासाठी अचूक करायचं ते ठरवावं लागतं. माझा अनुभव असा की आयोजक म्हणतात व्हीआयपी सोफ्यासाठी करा. मी मधल्या गर्दीसाठी करतो. सोफ्यावर बसलेले तसेही फोनवर असतात.

किती वॅटचा लेझर लागतो?

हॉलला तीन ते पाच वॅट पुरतात. उघड्या मैदानाला वीस-तीसचे चार-सहा डबे लावले की रंग भरतो. स्टेडियमच्या सोहळ्यात त्याहून मोठे. पण वॅट वाढवण्याआधी अंधार वाढवा. मागे एलईडीची भिंत पांढरीफटक पेटलेली, कमानीवर प्रायोजकांचे फ्लेक्स उजळलेले, आणि वर म्हणायचं लेझर दिसत नाही! दोन मिनिटं मैदानातले हॅलोजन विझवले तर दहा वॅटसुद्धा तीस वॅटसारखे वाटतात.

डोळ्यांना खरंच इजा होते, की उगाच बाऊ?

होते. हिशोब करून दाखवतो. हातातला एक मिलिवॅटचा पॉइंटर चुकून डोळ्यात गेला तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि सहसा निभावतं. अर्ध्या वॅटच्या वरचा कुठलाही लेझर आंतरराष्ट्रीय वर्गवारीत चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो. आमचे सगळे डबे त्याच वर्गातले. समजा दहा वॅटचा किरण एका जागी थांबला आणि तुम्ही पन्नास मीटरवर आहात. तिथे तो पसरून साडेपाच सेंटिमीटरचा झाला असेल. रात्री बाहुली सात मिलिमीटर उघडी असते. तिच्यातून आत जाणारा प्रकाश भरतो साधारण १६० मिलिवॅट, म्हणजे पॉइंटरच्या दीडशेपट. पुढे डोळ्याचं भिंग तो एका सुईच्या टोकावर गोळा करतं. पापणी मिटेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं.

फिरता किरण एका डोळ्यावर क्षणांशच थांबतो, म्हणून धोका बराच कमी होतो. पण आरसा अडकला, संगणक गोठला, जनरेटरने झटका दिला की किरण थिजतो. चांगल्या डब्यात हे ओळखून किरण आपोआप तोडणारं सर्किट असतं. स्वस्त डब्यात ते नसतं. स्वस्त हिरव्यात आणखी एक लबाडी : तो प्रकाश आत अवरक्त किरणांपासून बनवलेला असतो आणि गाळणी बसवलेली नसेल तर न दिसणारे अवरक्त किरणही सोबत बाहेर पडतात.

जुलै २००८ मध्ये मॉस्कोजवळ एका मैदानी संगीत महोत्सवात पाऊस आला म्हणून वर तंबू ताणले. आकाशात जायचे ते शक्तिशाली किरण प्रेक्षकांवर आले. तीसेक लोकांच्या दृष्टीला इजा झाली. यंत्र तेच होतं आणि शोही तोच. बदललं ते फक्त वरचं छप्पर.

मग मैदानावर परवानगी आणि गणपतीच्या मिरवणुकीत बंदी, हा दुजाभाव नाही का?

मंडळाची पोरं हे फार तळमळीने विचारतात. मीही मंडळातच वाढलो, पण माझं उत्तर त्यांना आवडत नाही.

मैदानावर डबा ट्रसवर, म्हणजे स्टेजच्या धातूच्या सांगाड्यावर, घट्ट बांधलेला असतो. लोक कुठे बसणार हे माहीत असतं. अमेरिकेतला सर्वमान्य नियम असा की जिथे प्रेक्षक उभा राहू शकतो त्या पातळीच्या वर किमान तीन मीटर आणि बाजूला अडीच मीटर किरण येता कामा नये. आम्ही शोच्या आदल्या रात्री, दोन-तीन वाजता, सगळे दिवे विझवून ताकद अगदी कमी करून किरण सोडतो. एक जण काठीला पांढरा पुठ्ठा लावून खुर्च्यांच्या रांगांतून चालतो. पुठ्ठ्यावर हिरवा ठिपका उमटला की तो ओरडतो, 'खाली आलाय!' मग डब्याच्या तोंडाशी काळा पत्रा सरकवायचा. पत्रा स्क्रूने बसवायचा, चिकटपट्टीने नाही. सॉफ्टवेअरमध्येही तो भाग बंद करता येतो, पण सॉफ्टवेअर विसरतं आणि पत्रा विसरत नाही.

आता हाच डबा ट्रॅक्टरवर ठेवा. ट्रॅक्टर खड्ड्यात गेला की किरण दोन अंश खाली येतो, म्हणजे तीस मीटरवर पूर्ण मीटरभर. रस्त्यावरच्यांच्या डोक्यावरून नेला म्हणाल, तर वर गॅलऱ्या आहेत. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून आजी, सुना, नातवंडं बाप्पा बघत उभी असतात. रस्त्यावरच्याला सुरक्षित असलेला किरण नेमका त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर जातो. दुकानांच्या काचा, गाड्यांचे आरसे, पितळी ढोलांच्या कड्या, सगळ्यांवरून तो उसळतो. मिरवणुकीत सुरक्षित उंची अशी नसतेच.

२०२३ च्या विसर्जनानंतर नाशिकमध्ये काही तरुण दृष्टिपटलाला इजा होऊन नेत्रतज्ज्ञांकडे गेल्याच्या बातम्या आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये डीजे आणि लेझरविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. लेझरच्या वापराला बांधणारा स्वतंत्र कायदा नाही, हा मुद्दा तिथे निघाला. त्या गणेशोत्सवात पुण्यात पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली बंदी घातली. म्हणजे कायदा नाही, दरवर्षीचा आदेश आहे. आदेशाची मुदत आणि हद्द तुमच्या पोलीस ठाण्यात विचारूनच सुपारी घ्या.

आमच्याकडे म्हणतात, लेझीम गेली आणि लेझर आला. लेझीम परत आणली तर माझा धंदा थोडा बसेल, चालेल.

विमानतळ जवळ असेल तर?

विमानतळ आणि पोलीस या दोघांना आधी लेखी कळवल्याशिवाय आकाशात किरण सोडू नका. उतरताना वैमानिकाच्या काचेवर किरण पडला की काच अख्खी उजळते आणि धावपट्टी दिसेनाशी होते. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिफारशींत धावपट्टीभोवती ३.७ किलोमीटरचा पट्टा जवळपास लेझरमुक्त आणि १८.५ किलोमीटरपर्यंतचा 'क्रिटिकल', म्हणजे कडक मर्यादेचा, धरलाय. मुंबई, पुणे, नागपूर किंवा गोव्यात दाबोळी-मोपाच्या आसपास या वर्तुळात किती लग्नाचे लॉन येतात ते नकाशावर एकदा बघा.

शूटिंग करताना फोन खराब होतो म्हणतात, खरं का?

खरं. सरळ किरण भिंगात शिरला की सेन्सरवर जळकी रेघ उमटते, आणि ती पुढच्या प्रत्येक फोटोत येते. माझा स्वतःचा एक फोन असा गेला, तोही चाचणीच्या वेळी, माझ्याच हाताने. व्हिडिओत किरण तुटक दिसतात ते मात्र वेगळं. आरशांचा वेग आणि कॅमेऱ्याच्या शटरचा वेग जुळत नाहीत, फोनला काही झालेलं नसतं.

किरण डोळ्यात गेला असं वाटलं तर काय करायचं?

चोळू नका. दृष्टिपटल दुखत नाही, म्हणून दुखत नाही यावर विसंबू नका. एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या फरशीच्या रेघा बघा. मध्ये काळा डाग दिसला, रेघ वाकडी दिसली किंवा धूसरपणा सकाळपर्यंत गेला नाही, तर चष्म्याच्या दुकानात न जाता दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे जा आणि लेझरचं नाव घेऊन सांगा. ओसीटी नावाची तपासणी असते, काही मिनिटांची आणि न दुखणारी. किरण डोळ्यात मुद्दाम घेऊन 'काही होत नाही' दाखवणारा एक वीर प्रत्येक गर्दीत असतो. त्याला मागे ओढा.

तुम्ही स्वतः दुसऱ्यांचा शो बघायला जाता का? कुठे उभे राहता?

जातो. स्टेजसमोर पण जरा बाजूला, म्हणजे किरण माझ्या दिशेने येतो पण माझ्यावर येत नाही. पहिलं गाणं मी वर बघतच नाही. किरणाची खालची कड कुठे आहे ते बघतो आणि मग गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर शोधतो. बाप साडेपाच फुटांचा, वर पोराचं बसकं अंग, आणि किरण आला की ते दोन्ही हात उंच करून तो पकडायला जातं. ती बोटं पोचतात नऊ फुटांच्या आसपास. तीन मीटरचा नियम कुणी कुठून काढला हे मी वाचलेलं नाही, पण तो त्या बोटांच्या जेमतेम वर येतो. बोटं हिरवी झाली नाहीत, तर मी वर बघतो.